पोचल्याच्या दोन रिंगा

ऑयगेन ब्रेंडलेच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, एक लाकडी खुर्ची आहे. तिचा एक पाय किंचित आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. दर रविवारी दुपारी दोन वाजता ह्या खुर्चीवर केस कापून घ्यायला माणसं येतात, आणि हे गेली चाळीस वर्षं चालू आहे.

कोण माणसं, ते आधी सांगायला हवं. ऑयगेन आता एकोणसत्तर वर्षांचा आहे. त्याची आई जर्मनीतल्या स्टुटगार्टची, बराकींमधल्या सैनिकांचे कपडे धुणारी. वडील त्याच बराकीतले अमेरिकन सैनिक, काळे. ऑयगेनच्या जन्माआधीच त्यांची बदली झाली आणि पुढे साधं पत्रही आलं नाही. आडनाव राहिलं ते आईचं, अस्सल इथल्या मातीतलं. त्यामुळे आजही दवाखान्यात ‘हेर ब्रेंडले’, म्हणजे श्रीयुत ब्रेंडले, अशी हाक आली आणि तो उठला, की नर्स त्याच्या खांद्यावरून मागे बघते, खरे ब्रेंडले कुठे राहिले म्हणून. तो सावकाश म्हणतो, "मागे कोणी नाही. मीच."

रुडी त्याला सत्ताविसाव्या वर्षी भेटला. रुडीही तसाच, हाइलब्रॉनच्या बराकीतल्या सैनिकाचा मुलगा. दोघंही काळे, दोघंही ह्याच देशात जन्मलेले, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम. ह्यातली कुठली गोष्ट किती झाकायची, हे त्या त्या दिवशी रस्ता बघून ठरायचं. शहरातले न्हावी त्यांच्या केसांकडे बघून कात्री खाली ठेवत, "हे आम्हाला येत नाही" म्हणत. मग दोघं एकमेकांचे केस कापायला शिकले. सुरुवातीला रुडीच्या डोक्यावर पायऱ्या दिसायच्या, पण हळूहळू हात बसला. एकदा त्यांनी स्थानिक पत्रिकेत बारीकशी जाहिरात दिली: ‘कुरळे केस कापून मिळतील. रविवारी दोन वाजता. पुरुषांकडून पुरुषांसाठी.’ ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ती बरोबर कळली. पहिल्या रविवारी तिघं आले, पुढच्या रविवारी सात.

केस हे निमित्त झालं. खुर्चीभोवती शेंगदाण्याच्या रश्श्याचं पातेलं फिरायचं. कोणी सरकारी पत्र वाचून घ्यायचं, कोणी खोली शोधून द्यायचं, कोणी नुसतंच बसायचं, कारण आठवड्यातून एकदा तरी कशाबद्दलही खुलासा द्यावा न लागणारी जागा माणसाला लागते.

मग एका हिवाळ्यात, रविवारी येणाऱ्यांपैकी एक, थेओ, घरी पोचलाच नाही. स्टुटगार्ट हे खोलगट वाडग्यासारखं शहर आहे. डोंगराच्या उतारांवर घरं, आणि त्यांच्यामधून खाली जाणारे दगडी जिने. इथले लोक त्यांना श्टेफेले म्हणतात. ऑयगेनच्या गल्लीतून खाली ट्रामपर्यंत जायला असाच एक जिना आहे, एकशे बेचाळीस पायऱ्यांचा. थेओ त्या जिन्यावर पहाटे दूधवाल्याला सापडला. कोणीतरी त्याला बेदम मारहाण करून तिथे सोडून दिलं होतं. तो वाचला, पण एक डोळा गेला. आणि पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: तुम्ही इतके पुरुष त्या घरात जमून काय करत होता? त्या काळी अशा पुरुषांच्या नावांच्या याद्या पोलीस बाळगून असत, त्यामुळे कोणी उत्तर दिलं नाही. ऑयगेन आणि रुडी त्या रात्री फोनशेजारी बसून राहिले होते, ‘झोपला असेल’ असं एकमेकांना सांगत. ती रात्र दोघंही पुढे कधी विसरले नाहीत.

तेव्हापासून नियम झाला. नव्या माणसाला ऑयगेन तो शाळेतल्या मुलाला पाढा शिकवावा तसा शिकवतो. इथून निघालेल्यांनी घरी पोचलं की एकमेकांना फोनच्या दोन रिंगा द्यायच्या. सगळ्यांच्या आल्या की शेवटच्याने ऑयगेनला द्यायच्या. फोन उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे पोचलो, सगळे पोचलो. रिंगांची वेळ टळली तर एक तास थांबायचं, आणि त्या तासात आपण फोन उचलायचा नाही, कारण लाईन अडते आणि येणारी रिंग परत जाते. तास संपला की शोधायला निघायचं. पण एकट्याने कधीच नाही. दोघांनी.

दोघांनी. रुडी होता तोवर ह्या शब्दाचा ऑयगेनला कधी विचार करावा लागला नव्हता. रुडीला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

* * *

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी थंडीतापाने बाकीचे घरीच राहिले, दोघंच आले. एक बाबाकार, मूळचा सेनेगलचा, पंचवीस वर्षं शहरात बस चालवणारा, बोलका माणूस. दुसरा वास्वा, युगांडातून आलेला, तिशीतला, वृद्धाश्रमात परिचारकाचं शिक्षण घेणारा. दोघंही खाली बाड कान्श्टाटला राहत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर.

"तुझ्या घरात एक बोर्ड धड नाही," बाबाकार खुर्चीमागे वाकून म्हणाला. केस कापायचं मशीन हातात घेऊन तो चालू बोर्ड शोधत होता. "चाळीस वर्षं दुकान चालवतोस आणि वीज एका भोकातून."

"दुकान म्हणू नकोस. कर भरावा लागेल," ऑयगेन म्हणाला.

खाली काहीतरी उपसलं, काहीतरी खुपसलं, आणि मशीन गुणगुणायला लागलं.

"वास्वा, खणातून बारीक फणी काढ."

वास्वाने खण उघडला, तेव्हाच ऑयगेनला आठवलं. त्याच खणात, तेलाच्या बाटलीखाली, गुरुवारी टपालपेटीत आलेला कागद होता. पाकीट नाही, सही नाही, छापलेल्या दोन ओळी: ‘कोण येतं, कोण जातं, आम्ही बघतो आहोत. हे घर तुमचं नाही.’ तो कागद त्याने कोणाला दाखवला नव्हता. वास्वा देश सोडून आला तो अशाच एका कागदानंतर. त्याला इथेही तेच दाखवायचं, हे ऑयगेनला होईना. वास्वाने फणी घेतली, खण लावला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, तेव्हा ऑयगेनने श्वास सोडला.

कागद इमारतीतल्याच कोणाचा तरी होता, एवढं त्याला कळत होतं. बाहेरच्याला ‘कोण येतं, कोण जातं’ दिसणार कुठून? आणि त्याचा संशय खालच्या मजल्यावर होता. तिथे एक भारतीय कुटुंब राहत होतं, आगाशे नावाचं. मुलगा शिरीष सॉफ्टवेअरच्या कंपनीत. त्याची आई, शुभदा आगाशे, उन्हाळ्यापासून त्याच्याकडे राहायला आली होती. महिन्यापूर्वी एका रविवारी तिने वरची बेल वाजवली होती. दार उघडल्यावर तिने आतल्या माणसांकडे, खुर्चीकडे, जमिनीवरच्या केसांकडे पाहिलं, हातातलं काहीतरी पदराआड घेतलं, "माफ करा" म्हणाली आणि घाईघाईने खाली गेली. अशा नजरा ऑयगेनच्या ओळखीच्या होत्या.

चार वाजता दोघं निघाले. ऑयगेनने खिडकीतून पाहिलं, दोन टोप्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि उतरत दिसेनाशा झाल्या. उजेड तेव्हाच विझत आला होता.

* * *

पावणेपाचला रिंगा यायला हव्या होत्या.

ऑयगेनने केस झाडले, पातेलं घासलं, पुसून पालथं ठेवलं. फोन बाहेरच्या खोलीत कपाटावर होता. जुना, काळा, रुडीने आणलेला. पाच वाजले. ट्राम चुकली असेल. सव्वापाच. बाबाकार वाटेत कोणाशी तरी बोलत उभा राहिला असेल, त्याला दगडाशीही बोलायची सवय. तो फोनसमोर स्टुलावर बसला आणि हात मांडीखाली घेतले, चुकून उचलला जाऊ नये म्हणून.

साडेपाचला त्याला कळलं, की आपण स्वतःला तेच सांगतो आहोत जे थेओच्या वेळी सांगत होतो.

बाहेर इमारतीच्या जिन्यातला दिवा लागला. कोणीतरी वर येत होतं. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली, परत खाली गेली. दिवा आपोआप विझला. ऑयगेन अंधारात बसून होता, आपल्या खोलीचा दिवा लावायचं त्याला धाडस होत नव्हतं. खालून कोणी बघत असलं तर?

पावणेसहाला तास पुरा झाला. आता नियमाप्रमाणे बाबाकारला फोन लावता येत होता. त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आवाज नव्हता. डायल टोन नाही, खरखर नाही, काहीच नाही. त्याने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. कानात नुसती शांतता.

चाळीस वर्षांत हा फोन असा मेला नव्हता. कोणी तार तोडली? तळघरात सगळ्यांच्या तारा एकाच पेटीत येतात, आणि तळघराची किल्ली इमारतीतल्या प्रत्येकाकडे असते. कोण येतं, कोण जातं. म्हणजे ते दोघं जिन्यावर कुठेतरी पडलेले, आणि मला कळू नये म्हणून लाईनही कापलेली. मन एकदा पळायला लागलं की असंच पळतं. ह्या वयात, अंधारात, त्याला अडवणार कोण?

मोबाईल त्याच्याकडे नव्हता, कधी घेतलाच नाही. एकट्याने निघायचं नाही, आणि निघायचं तर आत्ता. इमारतीत चार घरं. तळमजल्यावरचे गावाला गेलेले, पहिल्या मजल्यावरच्या बाई ठार बहिऱ्या. उरलं दुसऱ्या मजल्यावरचं एकच दार, आणि नेमकं तेच दार वाजवायची त्याला भीती वाटत होती.

तो कोट घालून, हातात नंबरांची वही घेऊन, एक मजला उतरला. बेलवर बोट ठेवून उभा राहिला. ह्यांनीच लिहिलं असेल तर? तर काय, तोंडावर दार लावतील. पण वर बसून राहिलो आणि सकाळी पुन्हा दूधवाला आला तर?

त्याने बेल दाबली.

आतून साखळीचा आवाज आला. दार चार बोटं उघडलं. फटीत चष्मा, चष्म्यामागे घाबरलेले डोळे, आणि खाली एक लाकडी लाटणं, उगारलेलं नाही पण घट्ट धरलेलं.

"कोण?" आवाज थरथरत होता.

"वरचा. ब्रेंडले. फ्राऊ आगाशे, माफ करा. माझा फोन बंद आहे. एक फोन करायचा आहे. माझे दोन मित्र घरी पोचले नाहीत."

शुभदाबाईंचं जर्मन संध्याकाळच्या वर्गातलं होतं. शब्द थोडे, पण प्रत्येक शब्द धुऊन वाळवून ठेवल्यासारखा. त्या ऐकताना ओठ हलवत, मनाशी वाक्य लावून घेत. "मित्र. पोचले नाहीत," त्यांनी म्हटलं. मग विचारलं, "पोचले की रिंग देतात?"

ऑयगेन गोंधळला. "तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्याकडेही तसंच. पुण्याला. पोचलं की मिस कॉल. नाही आला, तर झोप नाही." त्यांनी साखळी काढली. "आत या. मुलगा, सून, सगळे वोल्फ्सबुर्गला गेलेत, उद्या सकाळी येतील. मी एकटी. म्हणून हे." लाटणं त्यांनी जरा लाजून खाली घेतलं.

त्यांच्या मोबाईलवरून ऑयगेनने वास्वाचा नंबर लावला. बंद होता. बाबाकारचा लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. बाबाकार अनोळखी नंबर कधी उचलत नाही, पूर्वी त्याला घाणेरडे फोन यायचे म्हणून. ऑयगेनला हे पाठ होतं, कारण हा नियमही त्यानेच घालून दिला होता. पण त्या क्षणी त्याला ते आठवलं नाही. त्याला दिसत होता फक्त दगडी पायरीवर पडून वाजत राहिलेला फोन.

"पोलीस?" शुभदाबाईंनी विचारलं.

ऑयगेनने मान हलवली. थेओची गोष्ट एवढ्या थोड्या शब्दांत कशी सांगायची? "आधी मी बघतो. पण एकट्याने जायचं नाही, असा आमचा नियम आहे," तो म्हणाला. सोबत या, असं कसं म्हणणार? ह्याच बाईंवर आपण चार दिवस संशय घेत होतो.

शुभदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "थांबा. एक दाखवते."

फ्रीजवरच्या डब्याखालून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. ऑयगेनने तो उजेडात धरला. तीच अक्षरं, त्याच दोन ओळी.

"गुरुवारी आला. मुलाला नाही सांगितलं. त्याला कामाचं टेन्शन." त्या थांबल्या, शब्द शोधत. "मला वाटलं, हा तुमच्याकडून. मी त्या दिवशी वर आले, लगेच गेले. तुम्हाला राग आला असेल."

"माझ्याकडून?" ऑयगेनला हसावं की रडावं कळेना. "मला वाटलं तुमच्याकडून. त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे असं पाहिलंत—"

"दिवाळी होती. लाडू आणले. आत सहा माणसं, डब्यात लाडू चार." त्यांनी चार बोटं वर केली. "कसे देणार? दोघांना मिळणार नाहीत. लाज वाटली. परत आले."

शुभदाबाईंनी खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. "एकट्याने नाही ना? मी येते." मग दोघंही एकदम कोटाच्या बाह्या सरळ करायला लागले, कारण उभं राहून विचार करण्यात आणखी पाच मिनिटं गेली होती.

* * *

जिन्याच्या तोंडाशी दिवा होता, तळाशी दिवा होता, मधल्या वळणावरचा मात्र आठवडाभर बंद होता. ऑयगेन पुढे, लोखंडी कठडा धरून. शुभदाबाई एक पायरी मागे, एका हातात मोबाईलचा उजेड, दुसरा हात कोटाच्या खिशात. खिशात काय आहे ते त्याला माहीत होतं. पायऱ्यांवर ओली पानं होती. प्रत्येक पायरीवर तो आधी उजेड पाडायला सांगे, कोपरे बघे, मग पाय टाके. एका कोपऱ्यात काळं काहीतरी पडलं होतं. कचऱ्याची पिशवी होती.

"नावं काय? मित्रांची?" मागून बारीक आवाजात प्रश्न आला. ऑयगेनला कळलं, की त्या बोलतायत त्या भीती घालवायला.

"बाबाकार. आणि वास्वा."

"आणि रुडी?"

तो थबकला.

"दारावर पाटी. दोन नावं. ब्रेंडले, आणि खाली रुडी. रुडी कधी दिसला नाही."

चाळीस वर्षं ऑयगेन ह्या प्रश्नाला ‘भाडेकरू’ किंवा ‘चुलतभाऊ’ असं उत्तर देत आला होता. हे शेजारी गेले की नवे येत, आणि उत्तर तेच. पण अंधारात खोटं जुळवायला लागणारी ताकद आज त्याच्यात उरली नव्हती.

"वारला. दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "माझा माणूस होता. लग्नाला कायद्याने परवानगी मिळाली त्याच वर्षी आम्ही लग्न केलं. त्याआधी चौतीस वर्षं तसेच राहिलो."

मागे पाऊल थांबलं. ऑयगेनने कठडा घट्ट धरला. एवढ्या पायऱ्या हिला परत एकटीला चढून जाऊ द्यायच्या का, हा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

"पुण्याला माझ्या दारावर," शुभदाबाई सावकाश म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचं नाव. नऊ वर्षं झाली. काढलं नाही. कशाला काढायचं?" आणि उजेड पुढच्या पायरीवर पडला.

ते मधल्या वळणाशी आले आणि तेव्हाच खालून आवाज आला.

दोन माणसं वर येत होती. भरभर, दोन-दोन पायऱ्या गाळत. बोलणं नाही, फक्त बुटांचा आवाज आणि धाप. शुभदाबाईंनी घाबरून मोबाईल छातीशी दाबला, उजेड गेला. खालचे थबकले. त्यांनाही वर काहीतरी हललेलं दिसलं असावं. अंधारात दोन उंच सावल्या, डोक्यावर टोप्या ओढलेल्या, तोंडं दिसत नाहीत.

दोन्हीकडून कोणी हलेना.

नाव घेऊन हाक मारावी, तर ते दुसरेच कोणी निघाले म्हणजे? पळावं, तर एकोणसत्तर वर्षांचे गुडघे आणि मागे ह्या बाई. थेओला अशाच कोणीतरी खालून येताना गाठलं असेल. खालच्यांपैकी एकाने एक पायरी वर टाकली.

तेव्हा ऑयगेनच्या हातातली घराची किल्ली कठड्याला लागली. टण. चुकून लागली. पण तो आवाज ऐकला आणि त्याच्या हातालाच काहीतरी सुचलं. त्याने पुन्हा, मुद्दाम, नीट अंतर ठेवून वाजवलं.

टण. टण.

आणि थांबला. लोखंडातून तो आवाज खालपर्यंत झिरपत गेलेला त्याला तळहातात जाणवला. खाली शांतता. एक श्वास, दुसरा श्वास.

मग खालून, त्याच कठड्यावर: टण. टण.

"ऑयगेन?" बाबाकारचा आवाज आला, एवढा बारीक की त्याचा वाटेना. "जिवंत आहेस का रे म्हाताऱ्या?"

ऑयगेन पायरीवर खालीच बसला. शुभदाबाईंनी उजेड लावला, तेव्हा बाबाकार आणि वास्वा वर येऊन पोचले होते आणि वास्वाने ऑयगेनचे दोन्ही खांदे धरले होते, खरे आहेत ना हे बघावं तसे.

"मी पावणेपाचला रिंग दिली," वास्वा धापा टाकत म्हणाला. "पण वाजलाच नाही. बाई बोलली, हा नंबर सध्या उपलब्ध नाही. तीनदा केला, मग माझी बॅटरी संपली. मग बाबाकारकडे पळालो."

"घरी थांबायचं. तास मोजायचा," ऑयगेन पुटपुटला.

"तो नियम आम्ही नाही पोचलो तर," वास्वा म्हणाला. "तू नाही पोचलास तर काय करायचं, ते तू कधी शिकवलंच नाहीस. आणि मी खणातला कागद पाहिला होता."

ऑयगेन कठडा धरून उठला.

"ट्राममध्ये ह्याने माझा हात चेपून काढला," बाबाकार म्हणाला. "वर मघाशी कोणीतरी दोनदा फोन करत होतं, अनोळखी नंबर. मी म्हटलं, झालं, आता आपल्यालाही गाठलं."

शुभदाबाईंनी मोबाईल वर केला. "तो मी," त्या म्हणाल्या.

बाबाकारने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिशातून बाहेर आलेल्या लाटण्याकडे. "ऑयगेन, ह्या बाई कोण? आणि मला मारणार होत्या का?"

"गरज पडली, तर," शुभदाबाईंनी शांतपणे सांगितलं, वर्गात शिकलेलं वाक्य बरोबर जागी बसल्यासारखं.

* * *

तार कोणी कापली नव्हती. स्वयंपाकघरात खुर्चीमागे, झाडायच्या राहिलेल्या केसांच्या पुंजक्यात, राउटरचा, म्हणजे ज्या डबीतून आता फोनही चालायचा तिचा, प्लग उपसून पडला होता आणि त्याच्या जागी केस कापायच्या मशीनचा प्लग होता. बाबाकारने गुडघ्यांवर बसून मशीनचा प्लग काढला आणि राउटरचा परत लावला.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"तूच. केस मात्र चांगले कापलेस," वास्वा म्हणाला.

ते हसले, पण लवकरच थांबले, कारण टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि ते कोणी चुकून उपसलेले नव्हते. ज्याने कोणी लिहिले तो ह्याच छपराखाली किंवा समोरच्या खिडकीत बसून होता. पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊन परत का गेली होती, हेही कोणाला माहीत नव्हतं. ती पावलं त्यांची नव्हेत, असं शुभदाबाईंनी सांगितलं.

"मी शाळेत शिकवत होते. एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "वर्गात अशी चिठ्ठी सापडली, की मूल लपवतं. त्याला वाटतं, फक्त मला आली. मी सगळ्यांना विचारायची, आणखी कोणाला? मग पाच हात वर." त्यांनी दोन्ही कागदांवर बोट ठेवलं. "उद्या पोलीस. मी येते. शिरीष येईल, त्याचं जर्मन चांगलं."

पोलीस म्हटल्यावर ऑयगेनला थेओ आठवला. काळ बदलला हे त्याला माहीत होतं. अशा पुरुषांना झालेल्या जुन्या शिक्षा रद्द झाल्या, सरकारने माफी मागितली. पण माहीत असणं डोक्यात असतं आणि भीती गुडघ्यात. "तुम्ही इतके पुरुष जमून काय करता, असं विचारतील," तो म्हणाला.

"केस कापतो," बाबाकार म्हणाला. "आणि फोन बंद पाडतो."

"मी येतो," वास्वा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. वर्दीची भीती चौघांत सगळ्यांत जास्त त्यालाच होती. "चौघांनी गेलं तर यादी कोण करणार, ते की आपण?"

ऑयगेनने लगेच हो म्हटलं नाही. त्याने दोन्ही कागद घेतले, पण खणात ठेवले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरला, सोमवारच्या चौकोनावर, चिमटा लावून टांगले. त्याच्याकडून तेव्हा तेवढंच झालं.

दोघं पुन्हा निघाले. ह्या वेळी शुभदाबाई आणि ऑयगेन जिन्याच्या तोंडापर्यंत गेले आणि खाली ट्रामचा उजेड दिसेपर्यंत उभे राहिले.

"तुम्हाला रिंग कोण देतं?" परतताना त्यांनी विचारलं.

"मला सगळेच देतात."

"तसं नाही. तुम्ही कोणाला?"

ऑयगेन तर घरीच असतो. घरी असलेल्या माणसाने पोचल्याचं कोणाला कळवायचं? रुडी असताना प्रश्नच नव्हता, आणि नंतरच्या दोन वर्षांत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, त्याच्यासुद्धा. शुभदाबाईंनी त्याची वही मागितली, शेवटच्या पानावर आपला नंबर लिहिला, शाळेच्या फळ्यावर लिहावा तसा ठळक.

आठ वाजायला आले तेव्हा फोन वाजला. एक. दोन. बंद. ऑयगेन स्टुलावर तसाच बसून राहिला. भीती गेली नव्हती. बाहेर जिन्यातला दिवा पुन्हा लागला होता आणि कोणाची तरी पावलं पहिल्या मजल्यापर्यंत आली होती. त्याने दाराची साखळी तपासली. कुलूप तपासलं. मग वहीचं शेवटचं पान उघडून नंबर फिरवला.

पायाखालच्या फरशीतून त्याला खालचा फोन वाजलेला ऐकू आला. एक. दोन. त्याने रिसीव्हर ठेवला.

खाली जरा वेळ काही झालं नाही. मग खोलीतल्या हीटरच्या नळीवर, खालून, लाकडाचा आवाज आला. ठक. ठक.

बाहेरची पावलं थांबली, जणू त्यांनीही ते ऐकलं. ऑयगेन अंधारात कान देऊन बसला होता. जिन्यातला दिवा विझला, पावलं खाली उतरली, बाहेरचं दार लागलं. त्याने उठून खोलीतला दिवा लावला. खिडकी उघडी होती, खालून कोणालाही दिसेल अशी. त्याने पडदा ओढला नाही.